बाटलीमागे अनामत: कुठली योजना घ्यावी, कुठली टाळावी

ओरेगन या अमेरिकी राज्यात पेयांच्या बाटल्या-कॅनवर अनामत घेण्याचा कायदा १९७१ साली झाला. अमेरिकेतला तो पहिलाच. विकत घेताना ५ सेंट जास्तीचे भरायचे, रिकामी बाटली आणून दिली की ५ सेंट परत. २०१६ पर्यंत तिथली गत अशी झाली होती की शंभरातले जेमतेम ६४ नग परत येत होते. एप्रिल २०१७ मध्ये अनामत १० सेंट झाली आणि थोड्याच काळात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेलं. माणसं तीच होती, बाटल्याही त्याच. सत्तरच्या दशकात ५ सेंटसाठी वाकणारा माणूस चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी ५ सेंटसाठी वाकत नव्हता, इतकंच. (त्याच सुमारास ओरेगनने परतीची स्वतंत्र केंद्रंही वाढवली होती, त्यामुळे सगळं श्रेय पाच सेंटांच्या वाढीला देता येणार नाही. केंद्रांचं पुढे बघू.)

तुम्ही पालिकेत असा, एखाद्या पर्यावरण गटात असा की पेयं भरणाऱ्या कंपनीत, ‘अनामत योजना आणू या’ असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठली? एकाच नावाखाली जर्मनीची योजना येते, तिथे ९८ टक्क्यांच्या आसपास नग परत येतात. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याची योजनाही त्याच नावाची, आणि तिथे निम्मेही येत नाहीत. बैठकांमध्ये चर्चा रंगते ती बाटल्या परत घेणारी यंत्रं कुठल्या कंपनीची घ्यायची आणि बाटलीवरचं चिन्ह कसं असावं यावर. माझ्या मते निकाल लागतो तो तीन गोष्टींवर: रक्कम किती, परत द्यायचं कुठे, आणि जे परतच आलं नाही त्याचे पैसे कुणाच्या खिशात.

आधी हे ठरवा: खरंच हवी का?

दुसरे मार्ग आहेतच. घरोघरी सुका कचरा वेगळा गोळा करणं, कचरा टाकणाऱ्याला दंड, जास्त सफाई कामगार, किंवा उत्पादकांकडून पैसे घेऊन पालिकेनेच सगळं गोळा करणं. घरात रिकाम्या होणाऱ्या बाटल्यांसाठी घरोघरचं संकलन चांगलं चालतं. डबा ठेवलेला असतो, गाडी येते, काम झालं. पण रस्त्याकडेला, नदीकाठी, मैदानात पडलेला नग हा घरात प्यायलेला नसतो. तो चालता-चालता, गाडीतून, सामना बघताना रिकामा झालेला असतो आणि त्या क्षणी वेगळ्या कचऱ्याचा डबा जवळ नसतो. अनामत इथे दोनदा काम करते. टाकणारा विचार करतो. आणि त्याने टाकलीच तर दुसरा कुणीतरी उचलतो, कारण ती आता कचरा नसते, सुट्टे पैसे असतात. दंडाला हा दुसरा हात नाही. शिवाय दंडासाठी टाकणाऱ्याला टाकताना पकडावं लागतं.

लिथुआनियाचं उदाहरण मला सगळ्यात पटतं, कारण तिथे ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांत फार वर्षं गेली नाहीत. २०१६ मध्ये १० युरो सेंट अनामत सुरू झाली. त्याआधी प्लास्टिकच्या बाटल्यांतली साधारण एक तृतीयांशच गोळा होत होती. दुसऱ्या वर्षाअखेर परतीचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होतं. कुठलीही जनजागृती मोहीम इतक्या वेगाने एवढा फरक पाडत नाही.

तरी दोन गोष्टी आधीच मान्य करून टाका. सिगारेटची थोटकं, खाऊची पाकिटं, कागदी पेले यांवर या योजनेचा काहीच परिणाम होत नाही. मोजून पाहिलं तर रस्त्यावरच्या कचऱ्यात थोटकंच जास्त निघतात. बाटल्या-कॅन संख्येने कमी, पण जागा मात्र भरपूर अडवतात, म्हणून डोळ्यांत खुपतात. दुसरं म्हणजे पालिकेच्या सुक्या कचऱ्यातला सगळ्यात किमती माल, अ‍ॅल्युमिनियमचे कॅन आणि ‘पेट’ प्लास्टिकच्या पारदर्शक बाटल्या, अनामत योजना उचलून नेते. पालिका तो माल विकून थोडाफार खर्च काढत असेल, तर त्या खड्ड्याचा हिशेब आधी मांडा. उलट बाजूला गोळा करण्याचा आणि झाडण्याचा खर्च कमी होतो. पण कमी होणारा खर्च एका खात्याचा आणि बुडणारं उत्पन्न दुसऱ्या खात्याचं असलं की भांडण होतंच.

मालाच्या दर्जाबाबत मात्र वाद नको. मिश्र कचऱ्यातून निवडलेली बाटली आणि अनामतीतून आलेली बाटली यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. फक्त पेयाच्या बाटल्यांचा स्वच्छ ढीग मिळाला तरच त्यातून पुन्हा पेयाची बाटली करणं सोपं जातं. नाहीतर तिचा धागा किंवा पट्ट्या होतात आणि साखळी तिथेच तुटते. अ‍ॅल्युमिनियमचं तर विचारूच नका. जुना कॅन वितळवून नवा करायला, खनिजापासून धातू काढण्याच्या मानाने, साधारण ९५ टक्के ऊर्जा कमी लागते.

रक्कम: थोडी आणि जास्त

जर्मनीत २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-कॅनवर २५ युरो सेंट अनामत आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याने १९७८ साली १० सेंट ठेवले, तेव्हा ती चांगली घसघशीत रक्कम होती आणि कित्येक वर्षं तिथे ९० टक्क्यांहून जास्त माल परत येत होता. न्यूयॉर्क ऐंशीच्या दशकापासून ५ सेंटवर अडकून आहे. मिशिगनची रक्कम अजून १० सेंटच आहे आणि परतीचं प्रमाण अलीकडे पाऊणाच्या खाली आलंय. यावरून एक साधी गोष्ट शिकावी: रक्कम कायद्यात आकड्याने लिहू नका. लिहिलीत तर महागाई ती दरवर्षी थोडी-थोडी खाते आणि वाढवायला दर वेळी विधिमंडळात लढाई लागते. ओरेगनच्या कायद्यातली अट मला शहाणपणाची वाटते. परतीचं प्रमाण सलग दोन वर्षं ८० टक्क्यांच्या खाली राहिलं की रक्कम आपोआप वाढायची. २०१७ ची वाढ त्यातूनच झाली, कुणाला भाषण करावं लागलं नाही.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात एक वेगळाच प्रकार आहे. तिथे बहुतेक नगांवर भरायचे १० सेंट आणि परत मिळायचे ५. उरलेल्या पाचातून योजनेचा खर्च निघतो. हिशेबाला सुटसुटीत आहे, पण ग्राहकाच्या मनात ‘माझे पैसे’ ही भावना अर्धी होते. अनामत आणि कर एकाच पावतीत मिसळू नयेत असं मला वाटतं. कर घ्यायचाच असेल तर वेगळा घ्या, उत्पादकाकडून घ्या.

रक्कम फार मोठी ठेवली तर? दोन कटकटी येतात. पहिली लबाडीची. जर्मनीत कोलोनच्या एका पेयविक्रेत्याने आपल्याच दुकानातल्या परत-यंत्रात असा बदल केला की बाटली चुरडली न जाता पुन्हा हातात यावी. मग तीच ती बाटली यंत्रात घालत राहिला. १,७७,४५१ वेळा. प्रत्येकी २५ सेंट धरून ४४ हजार युरोंहून जास्त. कुंपणच शेत खातं म्हणतात ते हेच. म्हणून यंत्राने बाटली स्वीकारताच ती चेपली किंवा फोडली गेलीच पाहिजे, आणि कुठल्या यंत्रात किती आल्या याचा आकडा मध्यवर्ती संस्थेकडे रोज गेला पाहिजे. विक्रीच्या मानाने एखाद्या दुकानात परती भरमसाठ दिसली की शंका यावीच.

दुसरी कटकट नेदरलँड्सने अनुभवली. तिथे लहान प्लास्टिक बाटल्यांवर जुलै २०२१ मध्ये आणि कॅनवर एप्रिल २०२३ मध्ये १५ सेंट अनामत आली. लोक सार्वजनिक कचरापेट्या उघडून बाटल्या शोधू लागले आणि आतला बाकीचा कचरा रस्त्यावर येऊ लागला. कचरा कमी करायची योजना, आणि पेटीभोवती कचरा! उपाय अगदी साधा निघाला: पेटीच्या बाहेरच्या बाजूला कडी किंवा फळी बसवायची. ज्याला अनामत नको त्याने बाटली तिथे ठेवावी, ज्याला हवी त्याने पेटीत हात न घालता घ्यावी. हे पहिल्या दिवसापासूनच करायला हवं होतं. रिकाम्या बाटल्या वेचून जगणारी माणसं प्रत्येक मोठ्या शहरात आहेत; योजनेच्या कागदावर त्यांचा उल्लेख नसतो आणि गल्लीतलं निम्मं काम तीच करतात.

परत द्यायचं कुठे: दुकानात की केंद्रावर?

खरी निवड इथे आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

पहिला प्रकार: जो विकतो त्याने परत घ्यायचं. नॉर्वे, स्वीडन, जर्मनी, लिथुआनिया या बाजूचे. दुसरा: स्वतंत्र केंद्रं, म्हणजे लोकांनी गोण्या भरून तिथे न्यायच्या. कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातली बहुतेक राज्यं या बाजूची. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सने डिसेंबर २०१७ मध्ये योजना सुरू केली ती दुकानांवर सक्ती न करता, केंद्रं आणि यंत्रं यांच्या जोरावर. पेयांच्या बाटल्या-कॅनचा रस्त्यावरचा कचरा तिथे निम्म्याहून जास्त घटला, त्यामुळे केंद्राचा मार्ग निकामी आहे असं म्हणता येत नाही. पण परतीचं प्रमाण बघितलं तर ९० टक्क्यांच्या वरच्या यादीत जवळजवळ सगळे देश दुकानवाले आहेत.

कारण समजायला परत देणाऱ्याच्या मागे थोडं चालावं लागतं. माणूस सामान आणायला निघतो, दाराशी पिशवीत सहा-सात रिकाम्या बाटल्या असतातच, त्या बरोबर घेतो. दुकानाच्या दाराजवळ यंत्र. एक-एक बाटली गोल भोकात, बूड पुढे करून. यंत्र ती फिरवतं, बारकोड वाचतं, वजन आणि आकार ताडून बघतं, मग आत कर्र आवाज. चेपलेला कॅन परत येतो, कारण बारकोड सुरकुतलाय. झाकण काढलं की लावलं यावर मागचा माणूस सल्ला देतो. हात चिकट होतात. शेवटी चिठ्ठी बाहेर येते आणि तीच चिठ्ठी गल्ल्यावर सामानाच्या बिलातून वजा होते. वेगळी फेरी नाही, वेगळा वेळ नाही. केंद्रावर जायचं तर गोण्या साठवायच्या, गाडी काढायची, रांग लावायची. ज्याच्याकडे जागा आणि गाडी आहे तो हे महिन्यातून एकदा करतो. ज्याच्याकडे नाही तो अनामत सोडून देतो.

केंद्रांचा दुसरा धोका असा की ती बंद पडतात. कॅलिफोर्नियात ऑगस्ट २०१९ मध्ये सगळ्यात मोठ्या केंद्रचालकाने आपली सगळी, म्हणजे २८४ केंद्रं एकाच दिवशी बंद केली. भंगाराचे भाव पडले होते आणि सरकारकडून मिळणारी रक्कम पुरत नव्हती. ग्राहक मात्र दुकानात पैसे भरतच होता. परत घ्यायला जागा नाही आणि अनामत चालू, अशी अवस्था आली की लोकांच्या लेखी ती अनामत राहत नाही, कर होते.

दुकानदारांची बाजूही ऐका. जागा जाते, माशा येतात, कामगार लागतो, यंत्र बिघडलं की गिऱ्हाईक त्यालाच बोलतं. म्हणून प्रत्येक परत घेतलेल्या नगामागे दुकानदाराला हाताळणीचे पैसे मिळाले पाहिजेत, आणि ते वेळेवर. अगदी लहान दुकानांना सूट द्यावी किंवा हाताने मोजून घेण्याची मुभा द्यावी. यंत्राविना चालतंच नाही असं नाही. तामिळनाडूच्या निलगिरीत २०२२ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, सरकारी दुकानांतून विकल्या जाणाऱ्या मद्याच्या बाटल्यांवर १० रुपये अनामत सुरू झाली ती यंत्राविनाच: बाटलीवर खूण, आणि परत त्याच दुकानांत. तिथे प्रश्न रस्त्याच्या शोभेचा नव्हता. जंगलात फुटणाऱ्या काचा हत्तींच्या पायांत जात होत्या. विक्री एकाच यंत्रणेच्या हातात असेल तर हाताने चालणारी योजनाही उभी राहते.

तुमची वस्ती विरळ असेल, दुकानं लांब-लांब असतील, तर दोन्ही एकत्र करा: गावच्या दुकानात रोजच्या पाच-दहा बाटल्या, आणि मोठ्या गोण्यांसाठी केंद्र. ओरेगन आज साधारण असंच चालवतं. तिथे पिशवीवर आपल्या खात्याचं लेबल लावून ती केंद्रावर टाकून जाता येतं, मोजणी मागाहून होते आणि पैसे खात्यात जमा होतात. पण निवड एकाचीच करायची असेल तर दुकान निवडा.

परत न आलेल्या बाटलीचे पैसे

हिशेब करून बघा. वर्षाला १० कोटी नग विकले जातात आणि अनामत २० युरो सेंट आहे असं धरा. ९० टक्के परत आले तर १ कोटी नगांची अनामत कुणीच मागत नाही, म्हणजे २० लाख युरो. ७० टक्केच परत आले तर ६० लाख युरो. आता हे पैसे ज्याच्याकडे राहतात, त्याला योजना चांगली चालावी असं वाटेल की वाईट?

जर्मनीत ते उद्योगाकडेच राहतात. तिथे परतीचं प्रमाण आधीच इतकं वर आहे की सहसा कुणी ओरडत नाही. न्यूयॉर्कने २००९ मध्ये ठरवलं की असे ८० टक्के पैसे राज्याच्या तिजोरीत जातील. ऐकायला बरं वाटतं, पण मग अनामत वाढवून परती वाढवायची म्हणजे सरकारने स्वतःच्याच उत्पन्नावर पाणी सोडायचं. मिशिगन यातला मोठा भाग प्रदूषित जागांच्या सफाईला देतं आणि उरलेला दुकानदारांना. न्यूयॉर्कपेक्षा हे बरं.

मला नॉर्वेची पद्धत सगळ्यात सरळ वाटते. न मागितलेली अनामत योजना चालवणाऱ्या, उत्पादक-विक्रेत्यांच्या ना-नफा संस्थेतच राहते आणि गोळा करण्याच्या खर्चात मुरते. शिवाय सरकार प्रत्येक प्रकारच्या नगावर पर्यावरण कर लावतं, आणि परती जसजशी वाढेल तसतसा तो उतरतो. ९५ टक्के परत आले की शून्य. बाटल्या हरवल्या तर कंपनीला कर बसतो, आल्या तर वाचतो. परतीचं प्रमाण तिथे ९० टक्क्यांच्या वर का आहे याचं अर्धं उत्तर या एका तरतुदीत आहे. तुमच्या मसुद्यात बाकी काही नसलं तरी हे कलम घाला.

काच, आणि पुन्हा भरायच्या बाटल्या

काच जड, यंत्रात फुटते, दुकानाच्या मागच्या खोलीत जागा खाते. म्हणून आयर्लंडने फेब्रुवारी २०२४ मध्ये योजना सुरू केली ती फक्त प्लास्टिक आणि कॅनसाठी, ५०० मिलिलिटरपर्यंत १५ सेंट आणि त्याहून मोठ्यावर २५. पण पायात रुततो तो काचेचा तुकडाच. स्कॉटलंडने काच धरून योजना आखली होती. मे २०२३ मध्ये ब्रिटिश सरकारने काच वगळण्याची अट घातली, जूनमध्ये योजना लांबणीवर पडली आणि ती चालवायला उभारलेली संस्था बुडाली. शेजारी एकाच बाजारपेठेत असतील आणि नियम वेगळे असतील तर बाटलीवरचं लेबल, बारकोड, सगळंच दुप्पट करावं लागतं; हा विषय सुरुवातीलाच शेजाऱ्यांशी बोलून मिटवा, यंत्रं मागवल्यावर नव्हे.

आणि एक गैरसमज. अनामत म्हणजे पुनर्वापर नव्हे. जर्मनीची २५ सेंटची बाटली यंत्रात चिरडली जाते. तिच्या शेजारी ८ किंवा १५ सेंट अनामत असलेली दुसरी बाटली असते, ती धुऊन पुन्हा भरली जाते, काचेची असेल तर ५० वेळांपर्यंत. २००३ चा कायदा या दुसऱ्या बाटलीला वाचवण्यासाठीच आला होता. झालं उलटं: दोन्हींवर अनामत आहे म्हणून गिऱ्हाइकाला दोन्ही सारख्याच भल्या वाटू लागल्या, आणि पुन्हा भरायच्या बाटल्यांचा वाटा साधारण दोन-तृतीयांशावरून चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांवर आला. रस्ता स्वच्छ ठेवणं हेच तुमचं उद्दिष्ट असेल तर यात बिघडलेलं काही नाही. प्लास्टिकच कमी करायचं असेल, तर एकदाच वापरायच्या बाटलीवर वेगळा भार आणि धुऊन भरायच्या बाटल्यांचे समान आकार ठरवून घेणं, हे वेगळं काम आहे आणि वेगळा कायदा लागेल.

तारीख ठरवताना दुकानातल्या जुन्या मालासाठी काही महिन्यांची मुदत ठेवा. आयर्लंडमध्ये पहिल्या आठवड्यांत लोक अनामतीचं चिन्ह नसलेले जुने कॅन घेऊन यंत्रापुढे उभे राहत, आणि यंत्र ते एकामागून एक परत ढकलत होतं.